बाबा बैलांशी बोलतात

८ जानेवारी, बुधवार

रुपाचं लग्न ठरलं, ती नाशिकला चालली, आणि तिची खुर्ची माझ्या डोक्यावर येऊन पडली. शेखर सरांनी जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, सुया संपल्यात असं सांगावं तसं. "नम्रता, पुढच्या महिन्यापासून काउंटर तू बघ." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

मी शहापूरच्या या रक्त तपासायच्या लॅबमध्ये मागच्या खोलीत बसते. नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, रिपोर्ट टाइप करायचे. बोलायचं काम नाही म्हणूनच ही नोकरी धरली. काउंटरवर सगळं उलटं. फोन घ्यायचा, नाव विचारायचं, नंबर आला की हॉलमध्ये नाव मोठ्यानं पुकारायचं. नाव हीच तर माझी खरी अडचण. बाकी शब्द अडला की मी त्याच्या जागी दुसरा सरकवते. 'पाणी' अडलं तर 'तहान लागली' म्हणते. पण पार्वती भगत नावाच्या पेशंटला दुसरं काय म्हणू?

सरांना मी अडखळते हे माहीत असेल का? मला वाटतं ते मला नुसतीच गप्प समजतात. तो समज मीच मोठ्या मेहनतीनं करून दिलाय.

किन्हवलीच्या जीपमध्ये बसल्यापासून घरी पोचेपर्यंत ओठातल्या ओठात नावं पुकारत आले. शेजारची बाई सरकून बसली.

९ जानेवारी, गुरुवार

'सावकाश'मध्ये येऊन तीन आठवडे झाले आणि मी अजून चोरासारखी नुसती ऐकतेय. हा आमच्यासारख्यांचा व्हॉट्सॲप गट. अकोल्याच्या अंजूताई चालवतात. बँकेत नोकरीला आहेत आणि स्वतः अडखळतात. नियम एकच, टाइप करायचं नाही, बोलून पाठवायचं. दिवसातलं एक गोड, एक कडू.

लोक काय काय पाठवतात. एका बाईनं मुलाच्या शाळेत फोन करून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, तर तिच्या सासूनं शिरा केला. लातूरकडचा एक मुलगा म्हणाला, कुत्र्याशी बोलताना मी एका अक्षराला अडत नाही, माणूस दिसला की घशाला कुलूप. त्यावर सगळ्यांनी आपापली जनावरं सांगितली. मांजर, शेळी, एकाचा पोपट. मला एकटीला हसू फुटलं. आई म्हणाली, "काय झाला गो?" मी म्हटलं, काही नाही.

आज बोलायचं बटण दाबलं. माझा श्वास तेवढा रेकॉर्ड झाला. पुसून टाकला.

१४ जानेवारी, मंगळवार

बाबांबरोबर म्हशाच्या जत्रेला गेले, बैल घ्यायला. धाकटा बैल गेल्यापासून जोडी मोडली होती.

बाबा त्या बाजारात वेगळेच होतात. तिथे बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून दाबून ठरवतात. बाजूला उभं राहून काही कळत नाही. बाबा आणि बैल विकणारा टोकावड्याकडचा म्हातारा, दोघं रुमालाखाली किती वेळ भांडत होते, मान उडवत होते, मध्येच खो खो हसत होते. मी बाबांना असं हसताना घरात पाहिलेलं नाही.

संध्याकाळी नव्या बैलाला गोठ्यात बांधलं आणि बाबा त्याच्याशी बोलत बसले. ही तुझी दावण, ही गंगी, ही मारकुटी आहे, हिच्यापासून लांब राहा, उद्या तुला नदीवर नेतो. धारेसारखं बोलणं. मी भिंतीच्या अलीकडे शेण भरत होते. मी आत गेले तशी धार बंद.

हे लिहिताना रडू येतंय आणि रागही. बाबा बैलांशी बोलतात. देवळात भजनाला बसले की गळा असा मोकळा की किन्हवलीपासून लोक येतात. माझ्याशी दिवसाचे तीन शब्द. "आलीस?" "जेवलीस?" आणि "हं." बाकीचं आई बोलते. "त्यांचा म्हणना हाय की तू हिवाळ्यात स्वेटर घालून जा." ते फक्त मान डोलावतात.

मला कारण माहीत आहे. पाचवीत असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाईंनी मला उभं करून कविता म्हणायला लावली आणि मी पहिल्याच शब्दाला अडले. पोरं हसली. मग बाई बाबांकडे वळून काहीतरी म्हणाल्या. बाबा उठले, टोपी घातली आणि वर्गातून निघून गेले. सगळ्यांसमोर. त्या दिवशी कळलं की माझी लाज वाटणाऱ्यांत घरचं माणूसही आहे.

२२ जानेवारी, बुधवार

पाठवला!

एसटी स्टँडच्या मागे, उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज चालू असताना. "मी नम्रता. किन्हवलीजवळची." 'न'ला एवढी अडकले की मध्ये एक एसटी येऊन गेली. पण पाठवला. गोड: आज थंडी कमी होती. कडू: काउंटर.

जीपमध्ये बसेपर्यंत उत्तरं यायला लागली. सगळी अडखळत आलेली. अंजूताई म्हणाल्या, "तुझा 'न' मला फार आवडला. दमदार आहे."

उड्या माराव्याशा वाटतायत. सकाळी उठले की पुन्हा काउंटर आठवेलच.

१ फेब्रुवारी, शनिवार

काउंटरचा पहिला दिवस. मी एक युक्ती काढली. नाव पुकारायचंच नाही, हॉलमध्ये जाऊन त्या माणसाच्या खांद्याला हात लावून आत आणायचं. दहा-बारा माणसांपर्यंत जमलं. मग एका बाईला आत नेलं आणि तिचं रक्त दुसऱ्याच बाईच्या नावाच्या नळीत गेलं. दोघींच्या साड्या हिरव्या होत्या. ती बाई जाताना "माझी शुगर कधी कळंल" म्हणाली म्हणून कळलं, नाहीतर तिची तपासणी थायरॉइडची झाली असती आणि दुसरीची शुगर.

सर सगळ्यांसमोर ओरडले नाहीत. आत बोलावून म्हणाले, "तोंड आहे ना तुला? मग नाव विचारायला काय होतं? हे रक्ताचं काम आहे, नम्रता. महिनाभर बघतो."

त्यांचं बरोबर आहे. त्यामुळे तर जास्त लागलं.

स्टँडमागे जाऊन 'सावकाश'वर एवढं मोठं बोलले की माझा मलाच विश्वास बसेना. रक्ताचं सांगितलं. मग थांबवेना. बाबांचंही सांगितलं. म्हटलं, "माझ्या बाबांना माझी लाज वाटते. ते माझ्याशी बोलत नाहीत. बैलांशी बोलतात." लाजेतला 'ल' फार वेळ अडला. पाठवून टाकलं आणि फोन पिशवीच्या तळाशी घातला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल हळद होती, काकांच्या मोठ्या मुलीची. आज लग्न. मी गेले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलंय आणि कोणी आग्रह केला नाही.

लिहून टाकते.

मांडवात मोठा स्पीकर लावला होता. ऋतिक, नवरीचा भाऊ, म्हणाला, तुझा फोन दे, माझ्यातली गाणी संपली. मी दिला. आमच्या घरात तो एकच टच फोन. आईही त्यावर बघते, म्हणून त्याला लॉक नाही. मी हळदीचं ताट घेऊन आत गेले होते. बायका नवरीला हळद लावत होत्या. बाहेर गाणं थांबलं. मग माझा आवाज आला.

आधी मला कळलंच नाही माझा आहे म्हणून. एवढा मोठा. "ल... ल... ल..." सगळा मांडव भरून. तो बराच वेळ अडलेला. कुणीतरी हसलं, मग सगळेच. एका पोरानं ताल धरला आणि नाचायला लागला. आणि मग शब्द सुटला. लाज वाटते. बैलांशी बोलतात. आता मात्र हसणं थांबलं, कारण बाबा तिथेच पुरुषांच्या पंगतीत बसलेले.

मी दारात आले तेव्हा बाबा उठले होते. हात खरकटाच. त्यांनी स्पीकरची वायर उपटली, ऋतिकच्या हातातून फोन घेतला आणि मांडवाबाहेर गेले. ऋतिक म्हणत राहिला, "काका, मस्करी व्हती, मला वाटला गाना हाय." बाबा त्याच्याशीही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

पुन्हा टोपी घालून निघून गेले. फक्त या वेळी सगळ्या गावासमोर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन अजून बाबांकडेच आहे. पहाटे उठून शेतावर गेले, भेंडीला पाणी सोडायचंय म्हणून. जेवायलाही आले नाहीत. आईनं डबा पाठवला.

मी म्हटलं, "आई, फोन आण ना."

"राहू दे त्यांच्याकडं."

"माझा आहे तो. माझ्या पगाराचा."

"राहू दे म्हणते ना." आणि ती भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

लॅबला गेले नाही. सरांना कळवायलाही फोन नाही. घरातून अंगणात, अंगणातून घरात. एका जागी बसवत नाही. गटातले लोक काय म्हणत असतील? नक्कीच बाबांनी सगळं पुसून टाकलं असणार. मी गटातून गेलेही असेन आणि मला माहीतही नसेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार



दुपारी सरळ शेतावर गेले, फोन मागायचाच म्हणून. बांधावरून जाताना काय बोलायचं ते जुळवत होते, सोपे सोपे शब्द निवडून. खोपीजवळ पोचले तर आतून आवाज आला. वाटलं, कुणी आलंय, की गटातलंच कुणी बोलतंय.

"प... प... प..."

मग शांत. मग पुन्हा. "प... प..."

फटीतून बघितलं. बाबा खाली मांडी घालून बसलेले, फोन तळहातावर आडवा धरलेला, जसं पाखराचं पिल्लू धरावं. मान पुढे गेलेली. डोळे गच्च मिटलेले. ओठ एकमेकांवर दाबलेले आणि त्यातून काहीच बाहेर येत नाही. मी हा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आतून मला तो पाठ आहे. मी अडते तेव्हा माझा चेहरा असाच होत असणार.

"पंढरी," असं शेवटी बाहेर आलं. आणि बाबांनी डोळे उघडून फोनकडे बघितलं.

ते त्यांचं नाव आहे.

मी आत गेले नाही. बांधावरून पळत परत आले. आई दारातच होती. माझ्याकडे बघून तिला कळलं. म्हणाली, "मला लगीन झाल्या झाल्याच समजला. म्हणून तर मी बोलायची त्यांच्या वाटचा. लोकांना वाटायचा, बाई लई तोंडाळ हाय. वाटू दे."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली व्हती."

चोवीस वर्षं एका घरात. मी एवढी कान देऊन सगळ्यांचं ऐकते, कोण कुठल्या अक्षराला थांबतं ते. माझ्याच बापाचं ऐकलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फोन डब्यावर ठेवलेला होता. चार्ज केलेला. बाबा गोठ्यात पाठमोरे.

जीपमध्ये कानात घालून ऐकायला लागले आणि शहापूर आल्याचं कळलं नाही, पार पुढे आटगावच्या फाट्याशी उतरवलं ड्रायव्हरनं. मग पुलाच्या कठड्यावर बसून ऐकलं.

बाबांनी तीन दिवसांत काय केलंय! आधी नुसता श्वास. मग खाकरणं. मग बैलाला हाक. बहुतेक बटण दाबलेलं त्यांना कळलंही नसेल. गटातल्या लोकांना वाटलं माझंच काहीतरी झालंय. मग एक "ह... ह..." आणि अंजूताईंचा आवाज: "कोण बोलतंय? घाई नाही. आम्ही आहोत."

आणि बाबा बोलले. मी ऐकलं तसं लिहिते, अडलेलं सगळं लिहिता येणार नाही.

"मी पंढरी. पोरीचा बाप. ती म्हंते मला तिची लाज वाटते. तसा नाय. मला पयल्यापासून असाच. माझे बापाने यासाठी मारला पण मला लई. ही झाली, बोलाया लागली, तवा एक जण म्हणला, पोर ऐकून शिकतं. मंग मी बोलना टाकला. माझा ऐकून तिला लागू नये म्हणून. तरी लागला."

मग नुसता लांबून पाटाच्या पाण्याचा आवाज.

अंजूताईंचं उत्तर खूप सावकाश आलंय. "काका, हे ऐकून लागत नाही हो. तुम्ही बोलला असतात तरी झालं असतं, नाही बोललात तरी झालंच. तुमच्या हातात नव्हतं."

त्यावर बाबांचं फक्त "हं" आहे. माझ्या ओळखीचं.

त्या 'हं'वर मी तिथेच रडले, ट्रकवाले बघत असताना. आणि मग, खरं लिहिते, मला भयंकर राग आला. त्या लातूरच्या मुलाला माहीत होतं. त्या शिरा खाणाऱ्या बाईला माहीत होतं. बाबांनी सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं आणि दोन भिंतींपलीकडे मी होते.

मग आठवलं, मीही त्यांची तक्रार त्यांना सोडून सगळ्या महाराष्ट्राला केली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी गोठ्यात गेले. बाबा नव्या बैलाला पेंढा घालत होते, गप्प.

मी म्हटलं, "म... म... मला का नाय सांगितला?" घरची बोली आपोआप आली.

त्यांनी पेंढ्याची मोळी खाली ठेवली. बराच वेळ गेला. मी नजर हलवली नाही, शब्द पुरवला नाही. गटात हेच शिकलेय. पण बापासमोर ते किती कठीण! त्यांच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती आणि माझीच मान दुखत होती.

"तुजासमोर," ते म्हणाले, "भ्या वाटतं."

"आणि शाळेत? उठून का गेलात?"

"बाईंनी," ते म्हणाले, "नाव इचारला."

एवढंच होतं. पाचवीपासून आजपर्यंत मी उचलून चाललेय ते एवढंच होतं. बाबा उठले तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हते.

ते आणखी काही बोलणार होते, पण बैलानं मोळीत तोंड घातलं आणि दोघं त्याला ओढायला धावलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सरांना सांगितलं. "सर, मी अडखळते." हे वाक्य बोलायलाही दोनदा थांबले.

सर चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे? इतकी वर्षं? मला वाटायचं तू शिष्ट आहेस."

मी हसले. ते नाही. म्हणाले, "काउंटर बदलून देऊ का?" मी म्हटलं, नको, पण वेळ लागेल. ते म्हणाले, "लागू दे. नळी चुकता कामा नये."

हॉलमध्ये उभी राहून मोठ्यानं सांगितलं, मी अडखळते, नाव घ्यायला वेळ लागेल, थांबा. दोन कॉलेजच्या मुली एकमेकींकडे बघून तोंड दाबायला लागल्या. पहिलं नाव सकुबाई. 'स' अडला तो अडलाच. खुर्चीवरून एक म्हातारी उठली आणि काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पूर्ण करेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "दम खा गो बाय. उपाशी पोटी बोलावलाय तुमी, मला तरी कुठं घाईत चालवतंय?"

तीन नावं चांगली गेली. पाच वाईट गेली. दुपारी फोन वाजला तो मी वाजू दिला. तो अजून जमत नाही. सोमवारी बघू.

२ मार्च, रविवार

घरात शांतता म्हणून उरली नाही.

बाबा बोलतात. जास्त नाही, पण मधूनच, कुणी अपेक्षा केलेली नसताना. आणि एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत नेतात. आईला थांबायची सवय नाही. तिच्या तोंडात त्यांचा पुढचा शब्द आधीच तयार असतो. कालपासून ती पदराचं टोक दातात धरून बसते.

आज दुपारी जेवताना आईनं त्यांना नेहमीसारखं भरलं वांगं वाढलं. बाबा म्हणाले, "थांब."

ती थांबली. पळी हातात.

"म... मला," ते म्हणाले, "वांगा आवडत नाय."

आई हसली. "काय पण. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी इचारला, काय करू, तर तुमीच म्हणलात, वांगा."

बाबांनी मान खाली घातली. मग वर केली. मला दिसलं, ओठ मिटले, डोळे मिटले. तव्यावरची भाकरी जळायला लागली. आई उठली नाही, मीही उठले नाही. धूर झाला.

"प... प... पडवळ," बाबा म्हणाले. "पडवळ म्हणायचा व्हता."

आईनं पळी ताटात ठेवली. "पडवळ," ती म्हणाली. "परसात दरसाल मांडवभर पडवळ येतं. मी शेजारी वाटून टाकते. तुमाला वांगाच आवडतं म्हणून."

बाबा "हं" म्हणाले नाहीत. हसायला लागले. मग मी. आई नाही. ती चुलीपाशी गेली, काळी भाकरी काढून गाईला टाकली आणि दुसरी थापायला बसली, मोठमोठ्यानं थापट्या मारत. डोळे पुसत होती की धुरानं पाणी येत होतं, कळेना.

हे मी 'सावकाश'वर सांगायला निघाले होते. बटण दाबलं आणि सोडून दिलं. आधी बाबांना विचारीन. त्यांची गोष्ट आहे, गोड की कडू तेही त्यांनीच सांगावं.

आता चारचा चहा झालाय तरी आई स्वयंपाकघरातून मध्येमध्ये बाहेर येते, बाबांसमोर उभी राहते आणि विचारते, "अजून काय? चहात आलं चालतं ना? का तेपण नाय?"

आणि उत्तर येईपर्यंत जागची हलत नाही.